कोरडा ओढा आणि कायदा

ओढा आटला की संपला, असे मानून आपण त्याच्या पात्रात निर्धास्तपणे घाण लोटतो. कायद्याची दृष्टी मात्र अधिक दूरवर पोचते. १९७४ च्या जलप्रदूषणविषयक अधिनियमात ‘प्रवाह’ या संज्ञेत वाहत्या नदीबरोबर तूर्त कोरडा पडलेला ओढा आणि भूगर्भातले पाणीही येते. कारण कोरड्या पात्रातले विष पहिल्या पावसाबरोबर विहिरीत उतरते.

पाणी हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपविलेला विषय. म्हणूनच संसदेने हा अधिनियम १२ राज्यांच्या ठरावांवरून केला. २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. जाणूनबुजून प्रवाह दूषित करणाऱ्यास पूर्वी दीड ते सहा वर्षे कारावास आणि दंड होता. आता कारावास गेला, १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड राहिला. ही दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. अन्य राज्यांत विधिमंडळाने ठराव केल्यावाचून ती लागू होत नाही.

खटले रेंगाळतात, दंड लवकर वसूल होईल, असे तिचे समर्थक म्हणतात. पण धनाढ्य कारखानदाराने दंडाची रक्कम खर्चाच्या खात्यात मांडली तर? तेव्हा असा ठराव ज्या विधिमंडळापुढे येईल, तेथील मतदारांनी आपल्या प्रतिनिधीला एवढेच विचारावे: या दंडाने ओढ्यातली घाण थांबेल काय?