न्यायाधीश नसलेलं वरचं कोर्ट

जिनिव्हाच्या सरोवराकाठी जागतिक व्यापार संघटनेची दगडी इमारत आहे. 1920 च्या दशकात ती बांधली गेली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी, म्हणून भिंतींवर राबणाऱ्या माणसांची चित्रं आली. 1970 च्या दशकात तिथे 'गॅट'चं, म्हणजे या संघटनेआधीच्या व्यापार कराराचं, बिऱ्हाड आलं आणि व्यापाराच्या घरात कामगार शोभत नाहीत म्हणून त्यातली बरीच चित्रं झाकून टाकली गेली. अनेक वर्षांनी ती पुन्हा उघडी केली. टीकाकारांना यापेक्षा आयता दाखला कुठे मिळणार?

आणि टीकाकारांची वाण कधीच नव्हती. डिसेंबर 1991 मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी ज्यातून ही संघटना जन्मली त्या कराराचा मसुदा पुढे ठेवला, तेव्हा आपल्याकडे 'डंकेल' ही जवळजवळ शिवीच झाली होती. कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामींनी विरोधाचं रान उठवलं. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे शरद जोशी मात्र कराराच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकार शेतकऱ्याला जे देतं त्याहून जास्त भाव पाडून काढून घेतं; हिशेब मांडला तर आपली सबसिडी उणे निघते, मग सबसिडीवरच्या मर्यादेला आपण का भ्यायचं? पुढे 1999 मध्ये सिअ‍ॅटलच्या रस्त्यांवर या संघटनेविरुद्ध निदर्शनं पेटली. 2003 मध्ये कानकूनला ली क्यूंग-हे या कोरियन शेतकऱ्याने तिच्या परिषदेच्या कुंपणापाशी स्वतःला भोसकून घेतलं. पण हे सगळे दाराबाहेरचे. संघटनेचं कंबरडं मोडलं ते आत बसलेल्या सर्वांत बड्या सभासदाने.

1995 साली सुरू झालेल्या या संघटनेचं खरं वैशिष्ट्य होतं तिचं अपील मंडळ. सात सदस्य, प्रत्येकी चार वर्षांची मुदत, दर खटल्याला तिघे. गॅटच्या काळात हरलेला देशच निकाल अडवू शकत असे. नव्या व्यवस्थेत निकाल फेटाळायचा तर सगळ्यांचं एकमत हवं, म्हणजे जिंकलेल्याचंही! छोट्या देशालाही बड्याला कोर्टात खेचून निकाल पदरात पाडून घेता येऊ लागला.

चादरींचा खटला घ्या. युरोपने भारतीय चादरी-अभ्र्यांवर डंपिंगविरोधी कर लावला होता. समजा, एक चादर वाजवी किमतीपेक्षा 10 रुपयांनी स्वस्त विकली आणि दुसरी 10 रुपयांनी महाग, तर हिशेब फिटला. युरोप मात्र दुसरीचा फरक वजा न करता शून्य धरायचा. राहिलं पहिलीचं डंपिंग, लाव कर. शिवाय नफ्याचं प्रमाण काढलं होतं एकट्या बॉम्बे डाइंगच्या आकड्यांवरून. मार्च 2001 मध्ये अपील मंडळाने दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरवल्या.

शून्य धरण्याची हीच युक्ती अमेरिकेचीही लाडकी. पुढे तिच्याविरुद्ध त्याच धर्तीचे निकाल लागत गेले आणि वॉशिंग्टनच्या मनात अढी बसली: हे मंडळ करारात नसलेले नियम स्वतःच लिहितं, 90 दिवसांची मुदत पाळत नाही. आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. उपाय मात्र कोर्ट सुधारण्याचा नव्हता, खुर्च्या रिकाम्या ठेवण्याचा होता. नेमणुकीला सर्वसंमती लागते. अमेरिकेने ती द्यायचं थांबवलं. सुरुवात ओबामांच्या काळात एका फेरनेमणुकीपासून झाली, ट्रम्प यांनी सगळ्याच अडवल्या, बायडन यांनी तेच चालू ठेवलं. 10 डिसेंबर 2019 ला भारताचे उजल सिंह भाटिया आणि अमेरिकेचे टॉमस ग्रॅहम यांची मुदत संपली. मागे उरली एकच सदस्य, तिचीही मुदत वर्षभरात संपली.

आता खालच्या पॅनेलपुढे हरलेल्याने अपील दाखल करायचं आणि स्वस्थ बसायचं. ऐकायला कुणी नाही, म्हणून निकाल लागू होत नाही. ही सोय भारतालाही मानवली, आणि इथे गोष्ट थेट आपल्या उसाच्या फडात येते. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वातेमालाने 2019 मध्ये भारताच्या साखर धोरणाविरुद्ध दावा लावला. ऊसउत्पादकाला दिलेला आधार उत्पादनाच्या मूल्याच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो आणि निर्यातीलाही अनुदान मिळतं, असं त्यांचं म्हणणं. भारताने सांगितलं की एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान भाव, साखर कारखाना देतो, सरकार खरेदीच करत नाही. पॅनेलने ते मानलं नाही: भाव कायद्याने बांधलात ना, मग पैसे कुणीही देवो. त्यात तुलनेसाठी करारातली जागतिक किंमत 1986-88 ची गोठवलेली. 2018-19 ची एफआरपी होती क्विंटलला 275 रुपये. शरद जोशींच्या 'उणे' हिशेबाची बाकी उसापुरती अशी अधिक निघाली. 14 डिसेंबर 2021 च्या अहवालात भारत हरला, निर्यात अनुदानं 120 दिवसांत मागे घ्या अशी शिफारस झाली. भारताने अपील केलं. ते तसंच पडून राहिलं.

यात आपलं भलं झालं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच रिकाम्या खुर्च्यांनी आपलंही एक जिंकलेलं प्रकरण खाल्लं. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या नवीकरणीय ऊर्जेच्या अनुदानांविरुद्ध 2019 मध्ये पॅनेलने भारताच्या बाजूने कौल दिला, अमेरिकेने अपील केलं, आणि 2023 मध्ये आपसात मिटेपर्यंत तेही तिथेच अडकून राहिलं.

युरोपीय संघ, चीन आणि इतर काही देशांनी 2020 मध्ये आपापसात लवादाची तात्पुरती सोय करून घेतली. भारत तीत नाही. मूळ अपील मंडळ भरा, हा ठराव मात्र संघटनेच्या तंटा निवारण मंडळाच्या बैठकांत पुन्हा पुन्हा येत राहिला. पाठिंबा देणारे देश वाढत 130 वर गेले आणि अमेरिका दर वेळी नाही म्हणत राहिली. काही काळ हा ठराव सगळ्यांच्या वतीने मांडायचा ग्वातेमाला, म्हणजे साखरेच्या खटल्यातला एक फिर्यादी. पाठिंबादारांच्या यादीत भारताचंही नाव होतं.