एकाच कागदावर दोन मुदती

दसऱ्याच्या मुहूर्तावर दुकानाच्या दारात नव्या मोटारसायकलीला झेंडूचा हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो, आणि या गडबडीत नवा मालक विम्याच्या कागदावर न वाचताच सही करून मोकळा होतो. तो जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक असो वा तहसील कचेरीतील कारकून, कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब त्याने महिनाभर आधी वहीत मांडलेला असतो. विम्याची रक्कम मात्र तो नोंदणीच्या खर्चाप्रमाणेच, सरकारने लादलेला एक भुर्दंड समजतो. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि सारी अडचण उरलेल्या अर्ध्या भागात दडलेली आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्ती केली आहे ती केवळ तिऱ्हाइताच्या विम्याची. मालकाच्या गाडीमुळे जो जखमी होईल वा मरेल, त्याला अगर त्याच्या वारसांना भरपाई मिळावी, एवढाच या विम्याचा हेतू. १९३९ च्या जुन्या कायद्याचेही तत्त्व हेच होते. गाडी चोरीला गेली, जळाली वा पुरात वाहून गेली, तर या विम्यातून मालकाच्या हाती छदामही पडत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा वेगळा विमा उतरावा लागतो आणि तो ऐच्छिक असतो.

पहिल्या वर्षानंतर असंख्य दुचाकी विम्याविनाच धावतात, हे अनुभवाने दिसून आले होते. रस्ता सुरक्षेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये आदेश दिला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा तिऱ्हाईत विमा एकदम पाच वर्षांचा घेणे बंधनकारक झाले. अपघातग्रस्तांच्या दृष्टीने हा आदेश स्तुत्यच होता. खरेदीदाराच्या खिशावर मात्र त्याचा भार एकाच वेळी पडला. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सी.सी. इंजिनाच्या नव्या दुचाकीस या पाच वर्षांच्या विम्यापोटी ३,८५१ रुपये आणि त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे सुमारे साडेचार हजार रुपये मोजावे लागतात.

स्वतःच्या नुकसानीचा भागही प्रारंभी दीर्घ मुदतीचा विकला जाई. ग्राहकांना तो परवडत नाही, असे दिसल्यावर नियामक प्राधिकरणाने ही दीर्घ मुदतीची एकत्रित पॉलिसी १ ऑगस्ट २०२० पासून बंद केली. परिणामी नव्या गाडीच्या पॉलिसीवर सामान्यतः दोन मुदती छापल्या जाऊ लागल्या : तिऱ्हाइतासाठी पाच वर्षे, स्वतःसाठी एक वर्ष. विक्रेता सांगतो, ‘साहेब, पाच वर्षे बघायला नको.’ साहेब खरोखरच बघत नाहीत. चौदाव्या-पंधराव्या महिन्यात एके सकाळी चाळीच्या जिन्याखाली गाडी नसते, तेव्हा तो कागद प्रथमच नीट वाचला जातो. हप्ते अद्याप चालू असतात. गाडी नाही आणि भरपाईही नाही. बँक कर्ज थोडेच माफ करते!

ज्याने मुदत सांभाळली, तोही सर्वस्वी निर्धास्त नसतो. शहरातून गाडी घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यात नेणाऱ्यास तात्पुरत्या नोंदणीवर काही काळ काढावा लागतो. पंजाबात घेतलेले एक नवे चारचाकी वाहन २०११ साली जोधपूर येथे चोरीस गेले. तात्पुरती नोंदणी त्याआधी थोडेच दिवस संपली होती. ग्राहक आयोगांनी मालकाच्या बाजूने निकाल दिला. पण ३० सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. नोंदणीविना वाहन वापरणे हा विमा कराराच्या मूलभूत शर्तीचा भंग होय, असे न्यायालयाचे मत पडले. चोराने क्रमांक पाहून गाडी उचलली नव्हती, असे सामान्य माणसास वाटेल. परंतु दहा वर्षे दाद मागूनही हाती काही लागले नाही, ही वस्तुस्थिती आहे. दुचाकीलाही नियम तोच. उलटपक्षी, पोलिसांत तक्रार तत्काळ नोंदवली असेल, तर कंपनीला कळविण्यास झालेल्या विलंबाच्या सबबीवर चोरीचा दावा फेटाळता येणार नाही, असा निर्वाळा याच न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. तो मात्र फारच थोड्या ग्राहकांना ठाऊक असतो.

वाहनाबरोबर विमाही विकणाऱ्या दुकानदारांसाठी प्राधिकरणाने २०१७ साली नियम घालून दिले. विमा आपल्याकडूनच घ्यावा, अशी सक्ती त्यांना करता येत नाही. प्रत्यक्षात सक्तीचा शब्द कोणी उच्चारतही नाही. ‘बाहेरून विमा आणलात तर गाडी मुहूर्तावर मिळेलच असे नाही,’ एवढे सांगितले की पुरते. कुटुंबासह पेढे घेऊन आलेला माणूस त्या क्षणी घासाघीस करीत बसत नाही.

विमा कंपन्यांना या बाबतीत फार मोठे काही करावयाचे नाही. पॉलिसीच्या पहिल्याच पानावर, ठळक मराठी अक्षरांत, स्वतःच्या नुकसानीचा विमा कोणत्या तारखेस संपतो हे छापावे. ती तारीख जवळ आल्याची सूचना मालकाच्याच फोनवर जावी. अर्जात दुकानातील कोणाचा क्रमांक लिहिला गेला असेल, तर ती सूचना दुकानातच राहते आणि मालकाला तारीख उलटून गेल्याचा पत्ताही लागत नाही.