दुधाविना गोडाची पंगत

पन्नास माणसं जेवायला बसवायची, पानात गोड हवंच, आणि खिशात पैसे मोजके. अशा वेळी हल्ली हात सवयीने दुधाच्या पिशवीकडे जातो. गोव्याच्या देवळांतल्या पंगतींत मात्र मणगणं वाढलं जातं: हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. दुधाचा थेंबही नाही. मुसळधार पावसाच्या या किनाऱ्यावरची कोकण कपिला गाय लहान चणीची, काटक आणि बेताचंच दूध देणारी. माड मात्र परसात उभा. म्हणून दुधाविना गोड हा कुणाच्या पथ्यासाठी काढलेला तोडगा आहे, असं मला वाटत नाही. इथे तो पंगतीचा मानाचा पदार्थ आहे आणि त्यामागे पक्कं पाकशास्त्र आहे.

ते शास्त्र क्रमात आहे. खोवलेलं खोबरं वाटून पिळलं की पहिला दाट रस निघतो. तो बाजूला ठेवायचा. त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरा, मग तिसरा पातळ रस काढायचा. दोन तास भिजवलेली डाळ या पातळ रसात शिजते. दाणा अख्खा राहावा, पण बोटांनी चेपला की मऊ लागावा. गूळ त्यानंतरच, कारण गूळ आधी पडला तर डाळ शिजता शिजत नाही. भिजलेला साबुदाणाही याच टप्प्यावर घालायचा. तो पारदर्शक झाला की शेवटी दाट रस, मंद आचेवर. खळखळून उकळलं तर रस फुटतो, तेल वेगळं होतं. साबुदाण्यातलं पीठ रसाला धरून ठेवतं, म्हणून तो केवळ भरतीसाठी नाही. वर वेलची, चिमूटभर मीठ, परवडतील तेवढे काजू.

पन्नास वाट्यांना साधारण एक किलो डाळ, पाव किलो साबुदाणा, दीड किलो गूळ आणि दहा नारळ लागतात. उरलेला चोथा टाकू नये; त्याची सुकी चटणी होते. नारळाच्या याच रसाशी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, खातात, आणि गोव्यातलं ख्रिसमसचं दोदोल तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ व नारळाचा रस यांचंच असतं. दोन्ही चविष्ट, पण शिरवाळे दाबून काढायला आणि दोदोल तासन्‌तास घोटायला मनुष्यबळ लागतं. मोठ्या पंगतीला मणगणंच सोयीचं.

मात्र नारळ विकत घ्यावा लागला की हिशेब बदलतो. पुण्या-मुंबईत दहा नारळांचे पैसे दुधाच्या खिरीच्या जवळपास जातात. तिथे मी बुंदीच्या बाजूने आहे. गावाकडच्या लग्नांत आणि सप्ताहांत हजारोंना बुंदी वाढली जाते, आणि तिला लागतं काय? बेसन, साखर, तेल. आदल्या रात्री करून ठेवता येते, फ्रीज लागत नाही. मोठी कढई आणि सराईत झारा असला की काम झपाट्याने उरकतं. गव्हाची लापशीही अशीच स्वस्त आणि पोटभरीची: रवा तेलावर खमंग भाजायचा, मग गुळाच्या पाण्यात शिजवायचा.

जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही. त्यामुळे पंगतीत कुणाला तरी दूध सोसत नसणार, हे धरूनच चालावं. त्यातल्या अनेकांना तूप चालतं. पण दुधाची ॲलर्जी असलेल्यांना तुपातला प्रथिनांचा अंशही त्रास देऊ शकतो. म्हणून काजू खोबरेल तेलात परतावेत, आणि लापशीवर तुपाची धार सरसकट न सोडता तूप वाढप्याच्या हाती वेगळ्या भांड्यात द्यावं, मागेल त्याला.

दोन पदार्थ करायचे असतील तर बुंदी आदल्या रात्री, मणगणं त्याच दिवशी सकाळी. नारळाचा रस उन्हाच्या दिवसांत फार काळ टिकत नाही. दुसरी पंगत उशिरा बसणार असेल तर दाट रस थंड जागी राखून ठेवावा आणि तिच्या वाट्याच्या मणगण्यात ऐनवेळी घालावा.