विषय आधी कोणी काढायचा?

मन आणि माणसं : लेखांक 9

एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली, की विद्यार्थ्यांच्या हाती एक ठरलेला साचा येतो. पन्नास मुलं या प्रवर्गातली, पन्नास त्या प्रवर्गातली. दोन्ही गटांना आत्मसन्मानाची नाहीतर समायोजनाची तयार चाचणी द्यायची, टी-मूल्य काढायचं, 'सार्थ फरक आढळला' किंवा 'आढळला नाही' असं लिहायचं आणि प्रबंध बाइंडिंगला टाकायचा. जात या प्रबंधांत असते, पण एका रकान्यापुरती. फरक आलाच तर तो कुठून आला, हे विचारायची पाळी येईपर्यंत शंभर पानं भरलेली असतात आणि मौखिक परीक्षेची तारीख लागलेली असते.

समुपदेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी जात, संस्कृती आणि सामाजिक न्याय यांवर संशोधन करायचं ठरवलं, तर करायचं काय? अमेरिकेत वंशाच्या प्रश्नावर हे काम पुष्कळ झालंय आणि त्यातलं एक गाजलेलं काम एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून निघालं. मॅमी क्लार्क मूळच्या आर्कान्सा राज्यातल्या, म्हणजे वर्णभेद कायद्यानेच चालायचा तिथल्या. 1939 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या कृष्णवर्णीय मुलांना स्वतःच्या वर्णाची जाणीव कशी होते, हा त्याचा विषय. पुढे पती केनेथ यांच्यासोबत त्यांनी बाहुल्या वापरल्या : दोन गोऱ्या, दोन तपकिरी, बाकी सगळं सारखं. खेळायला कोणती हवी, चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुतेकांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. 17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा निकालपत्राच्या तळटिपेत क्लार्क यांच्या कामाचा हवाला होता.

मॅमी क्लार्क यांनी पीएच.डी. केली ती कोलंबिया विद्यापीठात. तिथेच त्यांच्या आधी सत्तावीस वर्षं, 9 मे 1916 रोजी, भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. ज्या व्यवस्थेत वाढले, तिलाच दोघांनी अभ्यासाचा विषय केलं आणि त्याबद्दल कोणाची माफी मागितली नाही. आपल्याकडे मात्र अजूनही मार्गदर्शक हळूच सुचवतात, "तुझाच समाज आहे, तटस्थता राहणार नाही, दुसरा विषय घे." खुल्या प्रवर्गातल्या मुलाने खुल्या प्रवर्गाचा अभ्यास घेतला, तर ही शंका कोणाला येत नाही.

बाहुल्यांच्या प्रयोगाची एक बाजू मात्र पुढे अडचणीची ठरली. जगाच्या लक्षात राहिलं ते कृष्णवर्णीय मुलांच्या मनाला झालेलं नुकसान. गोऱ्या मुलांच्या मनात काय घडतं, गोऱ्या शिक्षिकेच्या मनात काय घडतं, हा प्रश्न मागे पडला. केनेथ क्लार्क यांनी नंतर त्यावरही लिहिलं, पण गाजली ती बाहुलीच. आपले पन्नास-पन्नासचे प्रबंध त्याच खोड्यात अडकलेत. ज्याला लागलं, त्याचंच मोजमाप घेत राहायचं.

भारतातला एक प्रयोग या खोड्यातून थोडा बाहेर पडतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कोडं सुटलं की बक्षिसाचे पैसे. कोण कोणाचा, हे जाहीर केलं नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या गुणांत दखल घ्यावी असा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत प्रत्येक मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितली. दलित मुलांची कामगिरी तिथल्या तिथे घसरली. मुलं तशीच, कोडीही तशीच. बदललं होतं ते समोरच्या मोठ्या माणसाने काय उच्चारलं, एवढंच. हा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना आपल्या शाळा-कॉलेजांतलं एक दृश्य आठवल्याशिवाय राहत नाही. भरल्या वर्गात कोणीतरी येऊन म्हणतं, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." उत्तर प्रदेशातला प्रयोग दरवर्षी, विनाखर्च, होतोच आहे. त्याची नोंद तेवढी कोणी ठेवत नाही.

आता यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडकडे येऊ. हा विदर्भाचा काठ. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. जुन्या काळी नदीच्या अल्याड वऱ्हाड, पल्याड निजामाचा मुलूख. तालुक्यात बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासींची गावं आहेत, पैनगंगा अभयारण्याच्या अंगाला 'बंदी भाग' म्हणतात ती जंगलातली गावं आहेत, बौद्ध वस्त्या आहेत, मुसलमान मोहल्ले आहेत. विधानसभेची जागा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला यातलं फारसं दिसत नाही. यवतमाळ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे शेतकरी आत्महत्या येतात आणि तो फक्त कास्तकाराच्या घरी जातो. ज्यांच्या नावावर वावरच नाही, त्यांचं दुःख त्या सर्वेक्षणात बसत नाही.

सरकारी पातळीवर काही झालंच नाही असं नाही. 2015 मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने यवतमाळसह 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. आशाताईंनी घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणं ओळखायची आणि माणसाला पुढे पाठवायचं, अशी त्याची रचना. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाच्या प्रकल्पाने 30 गावांत गावातल्याच माणसांना शिकवून हे काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. गावातला साधा माणूस हे काम करू शकतो, हे त्यातून सिद्ध झालं. माझ्या मते विदर्भातल्या प्रत्येक मानसशास्त्र विभागाने हा अभ्यास पहिल्याच सत्रात शिकवायला हवा.

पण अशा कामात वापरतात ती प्रश्नावली जरा जवळून पाहू. सर्वांत चालणारी म्हणजे पीएचक्यू-9. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कशात रस वाटत नाही का, झोप लागते का, थकवा येतो का, भूक कशी आहे, लक्ष लागतं का, आणि शेवटी जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त 27. हीच प्रश्नावली घेऊन एखाद्या तांड्यावर जा. ऊसतोडीहून नुकतंच परतलेलं घर आहे. सून ओट्यावर, सासू दारात, घरातली बोली गोरमाटी, प्रश्न मराठीत. थकवा येतो का? येतो की! झोप लागते का? सहा महिने फडावर पहाटे उठायची सवय आहे. बेरीज बारा आली, तर तो आजार की उचल घेऊन केलेला हंगाम? आणि नववा प्रश्न सासूसमोर विचारला, तर सुनेचं उत्तर शून्यच असणार. विचारणारी कोणत्या वस्तीतून आली, तिला या घरात पाणी दिलं का, दिलं तर तिने ते घेतलं का, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. विद्यार्थ्याचं संशोधन सुरू व्हायला हवं ते इथे.

मग जातवार समुपदेशक नेमायचे का? दलित मुलाला दलित समुपदेशक, बंजारा मुलीला बंजारा? मागणी समजण्यासारखी आहे. दिव्या कंदुकुरी यांनी सुरू केलेल्या 'द ब्लू डॉन'सारख्या गटांनी दलित-बहुजनांना परवडणारे आणि जात समजणारे समुपदेशक मिळवून द्यायचं काम हाती घेतलं, ते गरज होती म्हणूनच. अमेरिकेतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब कॅब्राल आणि स्मिथ यांनी 2011 मध्ये मांडला. लोकांना आपल्या वंशाचा समुपदेशक हवासा वाटतो, हे त्यात ठळक दिसलं. पण बरं होण्यात त्याने पडणारा फरक सरासरीने जवळपास शून्य होता. म्हणजे आडनाव जुळल्याने दार उघडतं, पुढचं काम कौशल्यानेच होतं. शिवाय उमरखेडसारख्या गावात आपल्याच समाजाचा समुपदेशक म्हणजे आईच्या माहेरचा कोणीतरी निघायचा. मुलगी त्याच्यापुढे तोंड उघडेल?

कौशल्य म्हणजे काय, याचं एक उत्तर नॉर्मा डे-वाइन्स आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दिलं. वंशाचा विषय समोरचा काढेल म्हणून वाट पाहायची नाही, समुपदेशकानेच काढायचा. कारण ज्याला आयुष्यभर गप्प बसायला शिकवलंय, तो फी भरून पुन्हा तेच करेल. आपल्याकडचे समुपदेशक बहुधा म्हणतात, "मी जात मानत नाही." बोलणाऱ्याला ते औदार्य वाटतं, ऐकणाऱ्याला कळतं की इथे या विषयाला जागा नाही. त्याऐवजी असं बोलता येईल : "होस्टेलवर तुझं नाव कळल्यावर लोकांचं वागणं बदललं, असं कधी झालं का? मी वेगळ्या समाजातला आहे, माझ्याशी हे बोलायला अवघड वाटत असेल तर तेही सांग." दोन वाक्यं आहेत. ती कधी बोलायची, कोणत्या सुरात, पहिल्या भेटीत की तिसऱ्या, आणि ऐकणाऱ्याला त्यात चौकशीचा वास आला तर काय करायचं, यावर मराठीत एक नव्हे, दहा प्रबंध होतील.

हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखं नाही. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगावकडच्या तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात जीव गमावलेल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याच्या आई राधिका वेमुला त्याच वर्षी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कॉलेजांतल्या जातिभेदाविरुद्धचे 2012 चे नियम कागदावरच आहेत, ही त्यांची तक्रार. पुढे जुलै 2025 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा आणि वंचित घटकांतल्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागायचं शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायला हवं. शंभराच्या अटीत तालुक्याची कॉलेजंच काय, कित्येक आश्रमशाळाही येतात. या जागांवर येणार कोण? आज टी-मूल्य काढत बसलेली हीच मुलं.

तेव्हा उमरखेडहून नांदेडला किंवा अमरावतीला एम.ए. करणाऱ्यांसाठी माझं सुचवणं साधं आहे. विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान मोजू नका, निदान या वर्षी नको. तालुक्यातले समुपदेशक, आशाताई, होस्टेलचे अधीक्षक, वर्गशिक्षक यांच्या मुलाखती घ्या. जातीचा विषय निघाला तर तुम्ही काय करता, हे विचारा. 'आमच्याकडे तसलं काही नाही' हे उत्तर किती लवकर येतं, तेही लिहून ठेवा. नमुना पंधरा माणसांचा असला तरी चालेल. मार्गदर्शक कुरकुरतील, कारण याला टी-मूल्य नसतं.

आणि एक खबरदारी. नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हा पुण्या-मुंबईचा नियम इथे चालत नाही. 'उमरखेड तालुक्यातल्या एका तांड्यावरची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एकोणीस वर्षांची मुलगी' असं लिहिलं, की बस स्टँडवरच्या चहावाल्यालाही ती कोण ते कळतं. त्या तांड्यावरून बी.एस्सी.ला गेलेली ती एकटीच असते. गाव काढा, वय बदला, शाखा बदला. तरीही ओळखू येत असेल तर ती मुलाखत प्रबंधात घेऊ नका, कितीही चांगली असली तरी.

(मनावर ताण असह्य झाला तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, चोवीस तास बोलता येतं.)