चित्रफितींच्या संकलनासाठीं संगणक

स्नेहसंमेलनाचें चित्रण घरच्या संगणकावर नीट कापून-जोडून द्यावें, असा उत्साह आमच्या विद्यार्थ्यांत अलीकडे फार दिसून येतो. त्यासाठीं मेमरी किती, ग्राफिक्स कार्ड कोणतें आणि सांठवणीची डिस्क कशी असावी, असें पालक आम्हांस वारंवार विचारितात. पुष्कळ घरीं ही खरेदी चार-पांच वर्षांतून एकदांच होते. तींत चूक झाली तर ती तितकींच वर्षें सोसावी लागते. म्हणून आमच्या अनुभवास आलेलें थोडेंसें येथें लिहितों.

प्रथम हें काम कोणत्या प्रकारचें आहे तें पाहूं. चित्रफीत म्हणजे सेकंदास २५ वा ३० या वेगानें दिसणारीं स्थिर चित्रें. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चित्रांत सुमारें २० लक्ष ७४ हजार बिंदु असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास एक चित्र सुमारें ६२ लक्ष बाइटांचें, आणि एका सेकंदाचीं २५ चित्रें साडेपंधरा कोटि बाइटांचीं होतात. फोर-के चित्रणांत हा आंकडा चौपट. एवढा भार कॅमेऱ्याच्या कार्डावर मावणार कोठून? म्हणून कॅमेरा एक युक्ति करितो. एक चित्र तो संपूर्ण ठेवितो आणि पुढील कांहीं चित्रांत जें बदललें तेवढेंच टिपून ठेवितो. पाहणारास यांत कांहीं अडचण नाहीं. संकलन करणारास मात्र मधल्याच एखाद्या चित्रापाशीं कातर लावावयाची असते. तें चित्र मिळण्यासाठीं संगणकास मागील पूर्ण चित्रापर्यंत जाऊन सारा हिशेब पुनः मांडावा लागतो. चित्रपट सहज दाखविणारा संगणक संकलनांत अडखळतो, याचें मुख्य कारण हेंच.

या हिशेबासाठीं आजच्या प्रोसेसरांत व ग्राफिक्स कार्डांत निराळीं सर्किटें असतात. इंटेलनें २०११ सालीं तीं 'क्विक सिंक' या नांवानें आणिलीं. प्रोसेसरांतील ग्राफिक्सच्या भागांत तीं वसतात; ज्या इंटेल प्रोसेसरांच्या नांवाच्या शेवटीं 'एफ' अक्षर असतें त्यांत तो भाग बंद असतो, आणि थोड्या बचतीच्या भरांत आयती सोय हातची जाते. वेगळ्या कार्डाचें खरें प्रयोजन रंगसुधारणेंत आहे. 'दा विंची रिझॉल्व्ह' हा प्रोग्रॅम त्यावर फार विसंबतो. फोर-के कामास कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबीहून कमी नसावी. केवळ कापणें-जोडणें असेल तर मोठें कार्ड आम्हांस उधळपट्टी वाटते. (खेळांसाठीं कार्ड हवें असणारा मुलगाही घरीं 'संकलनासाठीं' असेंच सांगतो, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें!)

मेमरीच्या बाबतींत आम्हीं स्वतःच ठेंच खाल्ली आहे. दोन वर्षांपूर्वीं संगणक घेतांना विक्रेत्याच्या शब्दावर सारा पैसा कार्डांत घातला आणि मेमरी ८ जीबीच ठेविली. मेमरी भरली कीं संगणक उरलेला मजकूर डिस्कवर उतरवूं लागतो, आणि डिस्क कितीही चपळ असली तरी मेमरीची सर तिला येत नाहीं. दोन तासांच्या नाटकाचें संकलन करितांना प्रत्येक कातरीस थांबून राहावें लागे. पुढें रिकाम्या खांचेंत आणखी ८ जीबी घातल्यावर काम सुरळीत झालें. साध्या एचडी चित्रणास १६ व फोर-के चित्रणास ३२ जीबी असावी. सारख्या मापाच्या दोन पट्ट्या घेतल्यास दोन वाटांनीं देवघेव होऊन वेग वाढतो. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम-मालिकेच्या संगणकांत मेमरी मागाहून वाढवितां येत नाहीं. तेथें ती आरंभींच पुरेशी घ्यावी.

सांठवणीविषयीं लोक विनाकारण धास्तावतात. सेकंदास १०० मेगाबिट या दरानें घेतलेलें चित्रण म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाइट, तासास ४५ जीबी. हार्ड डिस्क सलग वाचतांना याच्या दसपट सहज देते. परंतु तीन कॅमेऱ्यांच्या फिती एकदम उघडल्या कीं तिचें वाचणारें टोंक इकडून तिकडे धांवत राहतें आणि चित्र थबकतें. एसएसडींत असें फिरणारें कांहीं नसल्यामुळें चालू काम तिच्यावर ठेवावें. सेकंदास सुमारें ५५० मेगाबाइट देणारी साधी साटा एसएसडीही पुरते. सर्वांत वेगवान प्रकाराचे जादा पैसे मेमरींत घालावे. काम संपल्यावर मूळ फिती हार्ड डिस्कवर उतरवाव्या, त्याही दोन डिस्कांवर. आमच्याजवळ एकच होती. ती गतवर्षीं बंद पडली, आणि तींत निवृत्त झालेल्या शिपाईमामांचें निरोपाचें भाषण होतें. कॅमेऱ्याचें कार्ड तोंवर पुसून दुसऱ्या दिवशींच्या सामन्यांसाठीं वापरलें गेलें होतें.