चाकोरी सोडायची नाही!

'चाकोरी सोडून काहीतरी करा,' असं मोठी माणसं तुम्हांला नेहमी सांगतात ना? पण दोस्तांनो, एका देशाच्या सरकारनं जंगलात जाणाऱ्यांना बरोब्बर उलटं सांगितलं, चाकोरी अजिबात सोडायची नाही! चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली वाट. तिचीच ही गोष्ट.

अमेरिकेतली 'राष्ट्रीय वनं' सरकारी, म्हणजे सगळ्या जनतेच्या मालकीची. लोक तिथे भटकायला, मासे पकडायला, तंबू ठोकून राहायला जातात. काहीजण मात्र जातात जाडजूड टायरांच्या गाड्या घेऊन. चढ असो, चिखल असो की ओढा, या गाड्या थांबत नाहीत! १९७२ मध्ये अमेरिकेत अशी मौज करणारे सुमारे ५० लाख लोक होते. २००० सालापर्यंत ते ३ कोटी ६० लाखांवर गेले.

त्यात बिघडलं काय? सांगतो. जंगलातली माती असते भुसभुशीत. तिच्या कणांमधल्या पोकळीत हवा आणि पाणी खेळतं. वरून गाड्या गेल्या की ही पोकळी दबते. मग पाऊस जमिनीत मुरत नाही. तो चाकोरीतून धावत सुटतो आणि माती खरवडून नेतो. हळूहळू चाकोरीची घळ होते! ही माती जाते ओढ्यात. ट्राउट मासे ओढ्याच्या तळाशी खडीत अंडी घालतात. त्यांवर गाळ बसला की अंड्यांना प्राणवायू मिळेनासा होतो. म्हणजे बघा, गाडी गेली डोंगरावरून आणि जीव गुदमरला खाली पाण्यात!

८ फेब्रुवारी १९७२ रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी हुकूम काढला : या गाड्या कुठे चालवायच्या नि कुठे नाही, ते सरकारी खात्यांनी ठरवावं. १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तो आणखी कडक केला. मोठं नुकसान दिसलं, की ती जागा गाड्यांना ताबडतोब बंद! तरीही बऱ्याच वनांत 'बंदीची पाटी नाही ना? मग घाल गाडी!' असाच कारभार चाले. २००५ मध्ये वनखात्यानं नियमच उलटा केला. नकाशात दाखवलंय तिथेच गाडी न्यायची. नकाशात नाही, म्हणजे बंद.

सगळे खूश झाले का? छे! गाडीवाले म्हणाले, "जंगल आमचंही आहे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी डोंगरावर जायचं कसं?" पायी फिरणारे म्हणाले, "आम्ही पाखरं ऐकायला येतो, इंजिनं नाही!" दोघांचंही खरंच की! म्हणून सरसकट बंदी घातली नाही. लोकांचं म्हणणं ऐकून वाटा वाटून द्यायचं ठरलं. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीला मात्र, जिथे पायी जाता येतं तिथे जायला मोकळीक ठेवली.

आता एवढ्या अफाट जंगलात प्रत्येक वळणावर रखवालदार थोडाच उभा राहणार? नियम पाळायचा तो गाडी चालवणाऱ्यानंच. तेव्हा पुढच्या सहलीत बाबांनी गाडी हिरवळीवर घातलीच, तर हळूच विचारा, "बाबा, चाकोरी कुठाय?"