बुडालेल्या व्यक्तीस कृत्रिम श्वास : का व कसा द्यावा?

विहीर, कालवा व शेततळे यांशिवाय आपली शेती होत नाही. परंतु प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याचा उतार निसरडा असतो. आत पडलेल्याला, पोहता येत असले तरी, सहज वर येता येत नाही. बुडालेल्यास बाहेर काढल्यावर बहुधा पालथे घालून पोट दाबतात किंवा उलटे धरतात. यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातील पाणी व अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पहिली गरज असते ती श्वासाची.

श्वास का महत्त्वाचा?

हृदयविकाराने अचानक कोसळलेल्या व्यक्तीच्या रक्तात पहिली काही मिनिटे प्राणवायू शिल्लक असतो. म्हणून तेथे प्रशिक्षण नसणाऱ्याने केवळ छाती दाबली तरी चालते. बुडताना मात्र आधी प्राणवायू संपतो व त्यामुळे हृदय थांबते. विहीर कोरडी असताना पंप कितीही चालविला तरी पाटात पाणी येत नाही, तसेच हे आहे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. आपण सोडलेल्या श्वासातही तो १६ ते १७ टक्के उरतो. तेवढा जीव वाचविण्यास उपयोगी पडतो.

काय करावे?

१) पोहण्याचा व सुटकेचा सराव नसल्यास पाण्यात उडी घेऊ नये. दोर, बांबू किंवा हवा भरलेली ट्यूब टाकावी.

२) बाहेर काढताच व्यक्तीस कठीण जागेवर उताणे झोपवावे. हाक मारून पाहावी व श्वास १० सेकंदांच्या आत तपासावा. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. दुसऱ्यास १०८ क्रमांकावर फोन करण्यास सांगावे.

३) श्वास नसल्यास कपाळ मागे व हनुवटी वर करावी. नाक चिमटीत धरून तोंडाला तोंड घट्ट लावावे व २ ते ५ श्वास द्यावेत. प्रत्येक श्वास सुमारे १ सेकंद, छाती वर उचलेल इतकाच असावा. एक वर्षाखालील बाळाचे नाक व तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकावे.

४) नंतर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी ३० वेळा दाब द्यावा. मोठ्या माणसात खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२० ठेवावा. मग २ श्वास द्यावेत. मदत येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. श्वासासाठी दाब १० सेकंदांपेक्षा जास्त थांबवू नये.

काय टाळावे?

जोराने किंवा घाईघाईने फुंकू नये. जादा हवा पोटात जाऊन उलटी होते, तसेच छातीत दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. तोंडाला फेस आल्यास तो पुसत वेळ घालवू नये. कीटकनाशक पोटात गेलेल्या व्यक्तीस मात्र तोंडाने श्वास देऊ नये. विषबाधा आपल्यालाही होऊ शकते. तेथे छातीवर दाब द्यावा.

श्वास सुरू झाल्यास व्यक्तीस कुशीवर वळवावे. ती बरी वाटली तरी दवाखान्यात न्यावे, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही उद्भवतो.

केवळ वाचून हे काम हाती बसत नाही. गावातील गटाने प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधून प्रात्यक्षिक करून घ्यावे. तोपर्यंत शेततळ्याला कुंपण घालावे व काठावर पक्का दोर बांधून ठेवावा.